जेट धुतला, वाट राहिली

जनरेटर चोकवर लगेच सुरू व्हायचा. चोक उघडला की आवाज खाली बसायचा, विझतोय असं वाटेपर्यंत बसायचा, आणि मग एकदम चढायचा. पुन्हा बसायचा, पुन्हा चढायचा. मेकॅनिक मंडळी याला हंटिंग म्हणतात. अर्धा चोक ओढून ठेवला की बिचारा शांत चालायचा. दहा महिने मी त्याला अर्ध्या टाकी पेट्रोलसकट कोपऱ्यात ठेवून दिलं होतं, त्यामुळे तक्रार कोणाकडे करणार?

अर्ध्या चोकवर नीट चालतो याचा अर्थ सरळ आहे. चोक म्हणजे हवेच्या तोंडावरचं झाकण. हवा कमी केल्यावर बरं वाटतंय, म्हणजे पेट्रोल कमी पडतंय. एक भाग पेट्रोलला वजनाने साधारण १४.७ भाग हवा असा हिशोब असतो, आणि माझ्या इंजिनात पेट्रोलचा तो एक भागही धड पोचत नव्हता.

पहिला प्रयत्न आळशी माणसाचा होता. एअर फिल्टर काढला, चालू इंजिनाच्या तोंडात कार्ब क्लीनरचा, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळणारा कार्बोरेटर धुण्याच्या रसायनाचा, फवारा मारला, धूर बघितला आणि हात पुसले. फरक शून्य. दुसऱ्या वेळी कार्बोरेटरची खालची वाटी उघडली, बारीक भोकातून पेट्रोल मोजून सोडणारा मेन जेट काढून फवाऱ्याने धुतला, परत बसवला. इंजिन दहा मिनिटं छान चाललं आणि मी घरात जाऊन "झालं बरं का" असं जाहीरही केलं. बाबा म्हणाले, "अगं, मग तो असा रडतोय कशाला?" बाहेर येऊन ऐकते तर वर-खाली, वर-खाली सुरूच.

त्यांनीच गंमत म्हणून इस्त्री लावली. आणि इंजिन सुतासारखं सरळ झालं! इस्त्री काढली की पुन्हा हेलकावे.

हे कोडं सुटायला मला एक संध्याकाळ लागली. कार्बोरेटरच्या आत पेट्रोलच्या दोन वाटा असतात. मोठी वाट मेन जेटमधून जाते. इंजिनात जाणारं मिश्रण कमी-जास्त करणारा थ्रॉटल उघडा असेल, हवा जोरात वाहत असेल तेव्हा तीच कामाला येते. दुसरी बारीक वाट पायलट जेटमधून जाते आणि थ्रॉटलच्या फिरत्या चकतीच्या, म्हणजे बटरफ्लायच्या, कडेपाशी उघडते. थ्रॉटल जवळजवळ बंद असताना इंजिन तिच्यावर जगतं. आता जनरेटरचं इंजिन आयडलवर, म्हणजे नुसतं संथ फिरत, कधीच नसतं. ५० हर्ट्झसाठी त्याला मिनिटाला ३००० फेरे हवेतच, ६० हर्ट्झचं मशीन असेल तर ३६००. त्यामुळे मी पायलटच्या वाटेचा विचारच केला नव्हता. पण लोड नसताना, म्हणजे वीज घेणारं काहीच लावलेलं नसताना, तेवढ्या फेऱ्यांना थ्रॉटल अगदी किलकिला पुरतो, म्हणजे रिकामं फिरणारं इंजिनही पायलटवरच चालतं. ती वाट बंद असली की फेरे पडतात. फेरे पडले की फेरे कायम राखणारा गव्हर्नर थ्रॉटल उघडतो, मेन जेट जागा होतो, फेरे चढतात. चढले की गव्हर्नर थ्रॉटल मिटतो आणि इंजिन पुन्हा उपाशी. इस्त्री लावली की मात्र थ्रॉटल उघडाच राहतो आणि मेन जेट भागवतो. गव्हर्नर बिचारा आपलं काम चोख करत होता. अनेक जण अशा वेळी गव्हर्नरचीच स्प्रिंग वाकवून बसतात. माझाही हात तिकडे गेला होता, हे कबूल करते.

तर तिसऱ्या वेळी कार्बोरेटर पूर्ण उतरवायचा ठरवला.

पेट्रोलचा कॉक बंद केला, प्लगची टोपी काढली, शटर वर केलं, नायट्राइलचे हातमोजे घातले. हातमोजे साधे रबरी असोत की नायट्राइलचे, कार्ब क्लीनरमध्ये फार वेळ टिकत नाहीत, त्यातली अ‍ॅसिटोन, टोल्युइनसारखी द्रव्यं त्यांना मऊ करून सोडतात. काढण्याआधी मोबाइलवर चारही बाजूंनी फोटो घेतले. गव्हर्नरची काडी आणि तिच्याभोवतीची ती केसासारखी बारीक स्प्रिंग कुठल्या भोकात आहे हे मला आठवेल, असा माझ्या स्मरणशक्तीवर माझा अजिबात विश्वास नाही. दोन नट काढले, कार्बोरेटर स्टडवरून पुढे ओढला, थोडा कलता केला आणि काडी आपसूक निसटली. ती ओढायची नसते. वाकली तर फेऱ्यांचं सगळं गणित बदलतं.

मागे कागदी गॅस्केट, मध्ये उष्णता अडवणारा काळा जाड तुकडा, पुन्हा गॅस्केट. ज्या क्रमाने निघाली त्याच क्रमाने ती एका तारेत ओवून ठेवली. गॅस्केटला एखादं छोटं जास्तीचं भोक दिसलं तर ते फुकट पाडलेलं नसतं, त्यातून हवेची वाट जाते. उलटं बसवलं की वाट बंद.

वाटी पांढऱ्या ट्रेवर उघडली. वाटीतल्या पेट्रोलला जुन्या रंगाच्या डब्यासारखा आंबूस वास येत होता. पेट्रोलमधला हलका, लवकर पेटणारा भाग आधी उडून जातो. उरलेल्यातली काही द्रव्यं हवेतल्या ऑक्सिजनशी जुळून चिकट होतात आणि वाळली की त्यांचा पिवळट-तपकिरी लेप बसतो. तळाशी पेट्रोलखाली दोन-तीन गोल थेंब घरंगळत होते, ते पाणी. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल ओल धरतं, आणि ओल हद्दीबाहेर गेली की पाणी आणि इथेनॉल मिळून वेगळे होऊन तळाला बसतात. थेंब जिथे बसले होते तिथे धातूवर पांढरी भुकटी धरली होती. लेप विरघळतो, पण ही भुकटी म्हणजे खाल्ला गेलेला धातू, ती खरवडूनच काढावी लागते. मी बांबूच्या टोकदार काडीने काढली.

वाटीत तरंगणाऱ्या फ्लोटची पिन सरकवली, फ्लोट आणि त्याला लटकलेली, पेट्रोलची आवक बंद करणारी निडल बाजूला घेतली. हवा मारण्याआधी फ्लोट काढलाच पाहिजे. कॉम्प्रेसरच्या झोताने पोकळ फ्लोट चेमटतो.

मग मेन जेट. दुसऱ्या प्रयत्नात मी तो हाताला आला त्या स्क्रू ड्रायव्हरने काढला होता, आणि पितळी खाचेच्या दोन्ही कडा मुडपून ठेवल्या होत्या. आता तो हलेना. खाच खोल नळीच्या तळाशी, ड्रायव्हरचं पातं नळीपेक्षा रुंद, आणि बारीक पातं घ्यावं तर ते खाचेत डुगडुगतं. शेवटी एक जुना ड्रायव्हर दगडावर घासून खाचेच्या मापाचा केला. रुंदी नळीत जेमतेम जाईल एवढी आणि जाडी खाचेत घट्ट बसेल एवढी. या घासण्यात अर्धा तास गेला, जेट मात्र एका दमात फिरला. तेव्हापासून तो ड्रायव्हर दुसऱ्या कशालाही वापरायचा नाही असा घरात नियम आहे. बाबांनी त्याने एकदा डब्याचं झाकण उचकटलं, तो विषय वेगळा.

जेट निघाल्यावर वरची इमल्शन ट्यूब टपली मारून बाहेर पडते. बाहेर पडते असं म्हणतात. माझी लेपाने चिकटली होती; फवारा मारून रात्रभर ठेवली आणि सकाळी लाकडी ठोकळ्यावर कार्बोरेटर आपटला तेव्हा खाली आली. तिच्या अंगावर दोन्ही बाजूंनी बारीक भोकं असतात, त्यांतून हवा शिरते आणि पेट्रोलचा फेस होतो. माझ्या ट्यूबची निम्मी भोकं बुजलेली होती. दुसऱ्या वेळी जेट धुतला, पण त्याच्या डोक्यावर बसलेली ही ट्यूब मी पाहिलीही नव्हती.

आणि पायलट जेट? तो मला दिसतच नव्हता. मेन जेटसारखा खाली कुठेतरी असेल म्हणून वाटीच्या बाजूने शोधत राहिले. शेवटी लक्षात आलं की माझ्या कार्बोरेटरमध्ये तो वरून घातलेला आहे, थ्रॉटल अडवणाऱ्या प्लास्टिकच्या स्क्रूच्या डोक्याखाली. स्क्रू काढला, खालची काळी प्लास्टिकची टोपी दोन बाजूंनी हळूहळू उचकटली, आणि ओ-रिंगसकट एक नाजूक तुकडा वर आला. खाली पितळी टोक, त्याला भोक. भोक आहे हे मला माहीत होतं म्हणून दिसलं. दिव्यासमोर धरलं, काहीच नाही. भिंगाखाली धरलं, तिथे मधासारखा एक थेंब वाळून बसला होता.

एवढ्याशा थेंबापायी मी दोनदा सगळं खोललं होतं!

आता तो काढायचा कशाने, यावर लोक हमरीतुमरीवर येतात. माझं मत ठाम आहे: टाचणी, सुई, पोलादी ड्रिल जेटजवळ न्यायचं नाही. जेटचं भोक मोजून पाडलेलं असतं. ०.६५ मिलिमीटरचा मेन जेट घासून ०.७० चा झाला तर डोळ्याला कळणार नाही, पण भोकाचं क्षेत्रफळ जवळजवळ १६ टक्क्यांनी वाढतं. पायलटचं भोक तर अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक, तिथे चुकीला आणखी कमी जागा. मी लवचीक वायरचं प्लास्टिक सोलून आतली तांब्याची एकच तार घेतली, ०.२ मिलिमीटरच्या आसपासची. तांबं पितळेपेक्षा मऊ, म्हणून झिजलंच तर तांबं झिजतं. आधी जेट तासभर क्लीनरमध्ये बुडवून ठेवला, मग तार गोल न फिरवता सरळ आत-बाहेर केली. चौथ्या-पाचव्या वेळी दिव्यासमोर सुईच्या टोकाएवढा उजेडाचा ठिपका दिसला. बाबांना बोलावून दाखवला. त्यांनी चष्मा बदलून पाहिला आणि "आहे खरा" म्हणाले.

मिश्रण कमी-जास्त करणारा मिक्श्चर स्क्रू काढण्याआधी तो आत किती फेरे जातो ते मोजलं. अलगद टेकेपर्यंत सव्वादोन. हा आकडा मास्किंग टेपवर लिहून ट्रेला चिकटवला. टेकल्यावर आणखी आवळलं तर स्क्रूचं टोक चेपतं किंवा भोकात तुटून बसतं. तसं झालं की कार्बोरेटरच बदलावा लागतो.

आता राहिला मोकळा सांगाडा. खरी साफसफाई इथे होते, आणि खरं सांगायचं तर मला हाच भाग आवडतो. मी कागदावर कार्बोरेटरचं वेडंवाकडं चित्र काढलं आणि दिसेल त्या प्रत्येक भोकाला क्रमांक दिला. एअर फिल्टरच्या बाजूला तोंडाशी हवेची दोन भोकं, एक मेनचं, एक पायलटचं. बटरफ्लायच्या कडेशी ओळीने दोन-तीन टाचणीच्या टोकाएवढी भोकं, त्यांतून पायलटचं पेट्रोल बाहेर येतं. मिक्श्चर स्क्रूची जागा. पायलट जेटची विहीर. वाटीतली वाफ बाहेर जाण्याचं भोक. मग फवाऱ्याची लाल नळी एकेका भोकाला दाबून धरायची आणि धार कुठून बाहेर येते ते लिहायचं. क्रमांक १ मध्ये मारलं, क्रमांक ५ मधून आलं. २ मध्ये मारलं, ७ आणि ८ मधून आलं, ९ कोरडंच.

गॉगल याच कामासाठी लागतो. एका भोकात मारलेली धार अगदी भलत्याच भोकातून उलटी येते. माझ्या डाव्या गालावर आली आणि थंडगार आग झाली. गॉगल नसता तर डोळ्यात गेली असती.

९ नंबर काही केल्या वाहीना. तिथे घरातलं चष्मे-दागिने धुण्याचं छोटं अल्ट्रासॉनिक मशीन आणलं. ही मशिनं साधारण ४० किलोहर्ट्झवर पाणी थरथरवतात. पाण्यात सूक्ष्म बुडबुडे तयार होऊन फुटतात आणि हात न पोचणाऱ्या जागी घाण उखडतात. मशीन काम करतंय का हे पाहायला आधी अ‍ॅल्युमिनियम फॉइलचा तुकडा मिनिटभर बुडवला; तो चाळणीसारखा झाला, म्हणजे ठीक. कोमट, साधारण ५० अंशांचं पाणी, त्यात भांड्यांच्या साबणाचे थोडे थेंब. कोणी त्यात पेट्रोल किंवा थिनर घालायचं सुचवतं, ते ऐकू नका. गरम होणाऱ्या विजेच्या भांड्यात पेट्रोलची वाफ म्हणजे आगीला आवतण. व्हिनेगरमध्ये रात्रभर बुडवण्याचा सल्लाही मी मानत नाही, कारण या सांगाड्यात जस्त-अ‍ॅल्युमिनियम असतं आणि आम्ल त्यांना खातं. आठ मिनिटांच्या चार फेऱ्या केल्या, दर फेरीला कार्बोरेटरची बाजू बदलली, म्हणजे आत अडकलेला हवेचा बुडबुडा निघून जातो. पहिल्या फेरीनंतर पाणी चहासारखं झालं. शेवटी स्वच्छ पाण्याने खळबळून लगेच हवा मारली, कारण आत पाणी राहिलं तर तीच पांढरी भुकटी पुन्हा.

तरी ९ नंबर बंद. पुन्हा फवारा, पुन्हा हवा, पुन्हा मशीन. तिसऱ्या फेरीनंतर हवा मारली तेव्हा एक काळा कण उडून ट्रेवर पडला आणि ९ मधून सरळ, सुईसारखी धार आली. मी तो कण टेपवर चिकटवून ठेवला. भिंगाखाली तो लेप नव्हता, रबराचा चुरा होता.

म्हणून मग पेट्रोलच्या नळीकडे गेले. नळीचं टोक कापून उभं चिरलं तर आतली बाजू बोटाला काळी लागत होती आणि दाबली की भुगा पडत होता. बाहेरून नळी अगदी तुकतुकीत. टाकीच्या तळाच्या जाळीवर गंजाचा लाल गाळ. कॉकखालच्या छोट्या कपात तोच गाळ. दुसऱ्या प्रयत्नानंतर दहा मिनिटं बरं चालून नंतर बिघडण्याचं एक कारण हेही असावं: धुतलेल्या कार्बोरेटरला मी जुनाच कचरा पाजत होते. टाकी रिकामी करून धुतली, जाळी धुतली, नळी नवी घातली, मध्ये नवा फिल्टर. याबद्दल जास्त सांगण्यासारखं नाही, कंटाळवाणं काम आहे, पण ते केल्याशिवाय जोडणी सुरू करू नये.

जोडताना एक फजिती झाली. वाटीची गोल रबरी रिंग मी घाईत कार्ब क्लीनरने पुसली होती. तासाभराने खाचेत बसवायला गेले तर ती फुगून बोटभर लांब झालेली! एका बाजूने दाबली की दुसऱ्या बाजूने उसळी मारायची. कापून जोडावी असा अविचारही मनात आला. कंटाळून ती तशीच कागदावर ठेवली आणि झोपले. सकाळी ती आपल्या मूळ मापावर आलेली होती. रबर द्रव शोषून फुगतं आणि वाऱ्यावर आक्रसतं. तरी अशा रिंगवर फार भरवसा ठेवू नये. मी नवी मागवली आणि ती आल्यावर बदलली.

निडलच्या रबरी टोकावर भिंगाखाली एक गोल वळी दिसली, सीटवर टेकून टेकून पडलेली. निडल नवी घातली. फ्लोट कानाशी धरून हलवला, आत खुळखुळ नाही, म्हणजे भोक पडून पेट्रोल शिरलेलं नाही. मग कार्बोरेटर असा कलता धरला की फ्लोटची जीभ निडलला नुसती टेकेल आणि आतली स्प्रिंग दबणार नाही, आणि व्हर्नियरने उंची मोजली. माझ्या पुस्तिकेत १३.७ मिलिमीटर दिली आहे, मला १३.५ च्या आसपास आली. चालतं. शेवटी पेट्रोल आत येण्याच्या तोंडाला स्वच्छ नळी लावून फुंकलं: कार्बोरेटर सरळ असताना हवा जाते, उलटा केला की फ्लोट निडलला दाबतो आणि हवा बंद. अर्धा मिनिट गाल फुगवून बसले, हवा गेली नाही.

पायलट जेटच्या ओ-रिंगला किंचित तेल लावून तो दाबून बसवला, मिक्श्चर स्क्रू सव्वादोन फेरे, गॅस्केट तारेवरच्या क्रमाने, काडी आणि बारीक स्प्रिंग फोटो बघून. ट्रेवर काही उरलेलं नव्हतं. हे माझ्या बाबतीत दर वेळी घडत नाही.

जनरेटर बाहेर मोकळ्यावर नेला, ताजं पेट्रोल घातलं, वाटी भरायला मिनिटभर थांबले. तिसऱ्या ओढीला सुरू झाला. चोक हळूहळू उघडला आणि आवाज जागचा हलला नाही. बाबा इस्त्री घेऊन तयारच होते. लावली, इंजिन क्षणभर दबकलं आणि सावरलं. काढली, तसंच. मग मी मुद्दाम चोक पुन्हा अर्धा ओढला. आधी ज्या अर्ध्या चोकवर ते सुधारायचं, त्याच अर्ध्या चोकवर आता ते गुदमरायला लागलं. ही तपासणी मला सगळ्यांत आवडली, कारण आता त्याला हवेत कपात नको होती.

वीस मिनिटं चालवलं. शेवटी बटणाने बंद न करता कॉक फिरवला आणि वाटीतलं पेट्रोल संपेपर्यंत चालू दिलं. ते धापा टाकून थांबल्यावर वाटीचा ड्रेन स्क्रू सैल केला. खालच्या कपात चमचाभर पेट्रोल पडलं, स्वच्छ. ९ नंबरमधून निघालेला रबराचा कण टेपसकट पुस्तिकेच्या आतल्या पानावर चिकटवला आहे, शेजारी सव्वादोन हा आकडा लिहून.